फाटकाबाहेरचे कॉलेज



कॉलेजातील तरुणांविषयी बोलण्यास आपण आम्हांला बोलावले याचे प्रथम नवल वाटले आणि मग थोडी धास्ती वाटली. आमचा आणि कॉलेजाचा संबंध फाटकापर्यंतचा. आत जाऊन बाकावर बसण्याचा योग आम्हांला आला नाही. शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली, आणि पुढे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि रात्रपाळीच्या कँटीनमध्ये झाले. आम्ही चालकांना म्हणालो, 'अहो, एखाद्या प्राचार्यांना बोलवा.' तेव्हा ते म्हणाले, 'प्राचार्य दरवर्षी बोलतात. यंदा फाटकाबाहेरून काय दिसते ते ऐकावे म्हणतो.' आता फाटकाबाहेर उभे राहणे हा तर आमचा धंदाच आहे. खाण असो, सिमेंटचा कारखाना असो की वीजकेंद्र असो, पाळी बदलताना फाटकाशी उभे राहून बोलायचे, आणि भोंगा झाला की वाक्य अर्धे राहिले तरी थांबायचे. तेव्हा आजचे हे बोलणे म्हणजे एक गेटसभाच आहे असे समजा.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. तिकडच्या वसंताला मोगऱ्याचा वास असेल. आमच्या वसंताला मोहफुलांचा वास असतो आणि त्यात कोळशाची धूळ मिसळलेली असते. पारा ४५ च्या पुढे गेला की दिवसा व्याख्यान ठेवण्याची सोय नाही, म्हणून आपण रात्री आठला जमलो आहोत. ही वेळ ध्यानात ठेवावी. तिचा पुढे संबंध येणार आहे.

गावात कोठेही बसा, सलूनमध्ये, पानठेल्यावर, मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत, कॉलेजच्या पोरांची गोष्ट निघाली की सूर एकच. हल्लीची पोरे शिकत नाहीत. मोबाईलमध्ये डोके घालून बसतात, मोटारसायकली उडवतात, खर्रा खातात, डीजेपुढे नाचतात आणि परीक्षेच्या आधी आठ दिवस 'गाइड' वाचून पदवी घेतात. आम्हीही हे पुष्कळ वर्षे बोललो आहोत, आणि चांगले जोरात बोललो आहोत. कामगाराचा मुलगा कॉलेजात गेला की बापाचा घाम विसरतो, असे एक वाक्य आमच्या भाषणात ठरलेले असे व त्याला टाळ्याही पडत.

ते वाक्य आम्ही सोडले त्याला एक कारण घडले. एका मोठ्या कारखान्याच्या फाटकाशी कंत्राटी कामगारांची नावे आम्ही लिहून घेत होतो. वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा पुढे आला. गळ्यात नाडी, आणि त्या एकाच नाडीला दोन ओळखपत्रे. एक ठेकेदाराचा गेटपास, दुसरे बी. ए. द्वितीय वर्षाचे. आम्ही विचारले, हे काय रे? तो म्हणाला, 'काकाजी, दिवसा याच्यावर चालतो, राती त्याच्यावर.' आणि हसला. रात्री दहा ते सकाळी सहा राख उपसायची, सातला नळावर अंघोळ, आणि साडेसातच्या तासाला बाकावर. 'मंग वर्गात झोप नाही येत?' 'येते ना जी. सरले माहीत हाये. ते मागच्या बाकावर बसवतेत.'

मागच्या बाकावर झोपलेला मुलगा पाहून आपण 'बेफिकीर तरुण पिढी' हा विषय घेऊन दोन व्याख्याने देऊ शकतो. तेव्हापासून आम्ही ठरवले की बोलण्यापूर्वी थोडे पाहावे. फाटकाबाहेरून जेवढे दिसते तेवढेच पाहिले; पण फाटकाबाहेर पुष्कळ दिसते.

आमच्या या दोन जिल्ह्यांत कॉलेजे काही थोडी नाहीत. एक काळ असा होता की पुढचे शिकायचे तर नागपूर गाठावे लागे, आणि तेथे खोली घेऊन राहण्याची ऐपत मालगुजाराच्या मुलाला होती, हाळ्या-गड्याच्या मुलाला नव्हती. मग चांद्यात जनता महाविद्यालय आले, १९७० साली सरदार पटेल महाविद्यालय आले. १६ ऑक्टोबर १९५६ ला ज्या गावात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली त्या गावात दीक्षाभूमीशेजारी त्यांच्या नावाचे कॉलेज उभे राहिले. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनी १९६० च्या दशकात आनंदनिकेतन कॉलेज काढले. ज्यांना समाजाने रोगी म्हणून गावाबाहेर काढले त्यांनी समाजाच्या धडधाकट मुलांसाठी कॉलेज दिले. असा उलटा दानधर्म दुसरीकडे झाला असेल तर आम्हांला माहीत नाही. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि २०११ साली गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीस आले. त्यापूर्वी गुणपत्रिकेत नावाचे एक अक्षर चुकले तरी सिरोंच्याच्या मुलाला साडेतीनशेहून अधिक किलोमीटर जाऊन नागपूरच्या खिडकीशी उभे राहावे लागे. आता गडचिरोलीला यावे लागते. तेही दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण मुक्कामाचा खर्च वाचतो असे मुले सांगतात.

परंतु कॉलेजाची इमारत एका ठिकाणी असते आणि कॉलेजजीवन दुसऱ्या ठिकाणी असते. पुण्या-मुंबईच्या कादंबऱ्यांत ते कट्ट्यावर, कँटीनमध्ये, वसतिगृहाच्या गच्चीवर असते. आमच्याकडे ते एसटीच्या स्टँडवर असते. हे आम्ही विनोदाने बोलत नाही. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, चामोर्शी, आरमोरी, कोणतेही स्टँड दुपारी बारा ते चारच्या दरम्यान पाहावे. सकाळच्या पहिल्या गाडीने आलेली मुले साडेअकराला कॉलेजातून सुटतात आणि गावाची गाडी तीनला किंवा चारला असते. मधल्या तीन-चार तासांत जे घडते त्यास कॉलेजजीवन म्हणावयाचे. तेथे वह्या उतरवल्या जातात, डबे एकत्र खाल्ले जातात, प्रेम जमते आणि मोडते, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, भांडणे होतात. मुली एका खांबाभोवती बसतात, मुले दुसऱ्या खांबाभोवती, आणि निरोप घेऊन मध्ये जाणारा नेहमी एक बुटका, सर्वांचा आवडता मुलगा असतो. कॉलेजात ज्याला प्राध्यापकासमोर तोंड उघडवत नाही तो येथे तिन्ही भाषांत बोलतो.

भाषांचे हे प्रकरण थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. धानोऱ्याच्या मुलाची घरची भाषा गोंडी, भामरागडच्या मुलाची माडिया, सिरोंच्याच्या मुलाची तेलुगू, मुलचेऱ्याच्या निर्वासित वसाहतीतल्या मुलाची बंगाली, कोरचीकडच्याची छत्तीसगढी, आणि ब्रह्मपुरीकडच्याची झाडीबोली. वर्गात पुस्तकी मराठी, विज्ञानाच्या पुस्तकात इंग्रजी, मोबाईलवर हिंदी. असा मुलगा सकाळपासून दुपारपर्यंत चार भाषांच्या नद्या ओलांडतो. मग मौखिक परीक्षेत तो गप्प राहिला तर परीक्षक लिहितात, विद्यार्थी मंद आहे. हाच मंद विद्यार्थी पौषात गावच्या मंडईला झाडीपट्टीच्या नाटकात उभा राहतो आणि तीन पानांची स्वगते धाडधाड म्हणतो. वडश्याला नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्री दहाला पडदा वर जातो तो पहाटे खाली येतो, आणि तिकीट काढून हजारो माणसे थंडीत कुडकुडत बसतात. २०२३ साली याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मात्र आमची मुले सिनेमाच्या गाण्यावर ओठ हलवतात. आपले जे आहे ते फाटकाबाहेर ठेवून यावे असे त्यांना कोणी सांगितलेले नाही, पण ते त्यांना कळते.

आता स्टँडकडे परत येतो, कारण आमची स्वतःची एक गोष्ट तेथे अडकली आहे.

२०२१ च्या दिवाळीत एसटीच्या कामगारांनी संप केला. महामंडळ शासनात विलीन करा ही त्यांची मागणी. पगार अपुरा, तोही वेळेवर नाही, आणि कितीएक कामगारांनी जीव दिलेला. आम्ही एसटीचे नव्हे. परंतु कामगार संपावर असताना आपण घरी बसावे हे आमच्या स्वभावात नाही. आगाराच्या फाटकाशी मंडप पडला होता, तेथे आम्ही पाठिंब्याचे भाषण केले. चांगले झाले असे लोक म्हणाले. खाली उतरलो तो तीन मुली समोर. त्यांतली एक पोंभुर्णा तालुक्यातल्या गावची, बी. एससी. च्या दुसऱ्या वर्षाला. ती म्हणाली, 'काकाजी, तुमचं भाषन आयकलं. तुमचं बरोबर हाये. पन आमचे प्रॅक्टिकल हायेत. आमी कसं येवाचं?'

आम्ही म्हणालो, 'बाई, थोडे दिवस कळ सोसा.'

'किती दिवस जी?'

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. 'लवकरच' असे काहीसे बोललो आणि दुसऱ्या आगाराकडे निघालो. संप साडेपाच महिने चालला. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर येण्यास सांगितले तेव्हा गाड्या पुन्हा पूर्ववत धावू लागल्या. आधी कोरोनाने दीड वर्ष कॉलेज बंद, तेव्हा मुले टेकडीवर चढून मोबाईलला रेंज शोधत होती. वर्ग उघडले तो गाड्या बंद. विद्यार्थ्याला एसटीचा पास तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळतो. काळी-पिवळीला पास नसतो. जीपवाल्याने भाडे वाढवले, आणि वीस माणसांत कोंबून तरुण मुलीला पाठवणे बापाला बरे वाटेना. उन्हाळ्यात आम्ही स्टँडवर मुद्दाम त्या मुलींची वाट पाहिली. दोघी भेटल्या. तिसरीचे विचारले तर म्हणाल्या, 'तिचं लगन झालं जी, होळीच्या आंधी.'

संपाला पाठिंबा दिला याचा आम्हांला पश्चात्ताप नाही. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा देऊ. परंतु एक गोष्ट रात्री-बेरात्री आठवते. त्या संपात आम्ही संपकऱ्यांच्या घरांसाठी तांदूळ गोळा केला, तेल गोळा केले, आणि सभेला माणसे आणण्यासाठी एक जीपही भाड्याने घेतली होती. ती जीप सकाळच्या वेळी रिकामी उभी असे. तिला सकाळी पोंभुर्ण्याच्या वाटेला लावावे, आठवड्यातून तीन दिवस तरी त्या पोरींना आणावे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. आम्हांला संप चालवता येतो असा आमचा समज होता.

दुसरी गोष्ट मे महिन्याची. बाहेरगावच्या माणसाला वाटते की सुट्टी लागली की विद्यार्थी आंबे खातो. आमच्याकडे मे महिना तेंदूपत्त्याचा. पहाटे चारला घरातून निघायचे, ऊन चढण्यापूर्वी जंगलातून पाने तोडून आणायची, दुपारभर घरची सर्व माणसे बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. पंधरा-वीस दिवसांचा हंगाम. त्यात जे मिळते त्यावर जूनची फी, वह्या आणि पावसाळ्याचे मीठ-मिरची. आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षाही त्याच दिवसांच्या आसपास येतात. ज्या मुलीचा पेपर दुपारी दोनला आहे ती पहाटे पाने तोडून आलेली असते. तिची बोटे काळी पडलेली असतात, आणि उत्तरपत्रिकेवर त्या बोटांचे ठसे उमटतात. एका परीक्षकाने हे आम्हांला सांगितले. तोही अशाच घरचा होता म्हणून त्याला ओळखू आले.

या पानांसाठी जीवही जातो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एका दिवशी वाघाने मारल्या. ताडोब्याचा वाघ पाहण्यासाठी जिप्सीचे भाडे भरणारे पाहुणे आणि त्याच वाघाच्या भीतीने टोळी करून जाणाऱ्या बाया, दोघे एकाच रानात एकाच पहाटे असतात. आमच्या कॉलेजातली किती मुले या दोघांच्या मध्ये उभी आहेत पाहा. कोणी जिप्सीवर गाइड आहे, कोणी पाने तोडतो आहे, आणि कोणी वनरक्षकाच्या भरतीची तयारी करतो आहे.

भरती हा शब्द आला. आजच्या तरुणाचा खरा अभ्यासक्रम कोणता असे विचाराल तर तो भरती हा आहे. सकाळी पाचला कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर जा. मुले १६०० मीटर धावत असतात, मुली ८०० मीटर, गोळाफेक चाललेली असते, आणि एखादा जुना शिपाई हातात घड्याळ धरून शिव्या देत असतो. मैदान नसेल तेथे डांबरी रस्त्यावर धावतात. जंगलाच्या गावी एकट्याने धावत नाहीत. नंतर हीच मुले अभ्यासिकेत जाऊन बसतात. ती कॉलेजात जात नाहीत अशी तक्रार असते. कॉलेजात नाव असते ते शिष्यवृत्तीसाठी, पाससाठी आणि लग्नाच्या बाजारात 'काय करते?' या प्रश्नाला उत्तर असावे म्हणून. यात आम्ही मुलांना दोष देत नाही. घरात एकास सरकारी नोकरी लागली की तीन घरे उभी राहतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. खाणीत, वीजकेंद्रात जी कायम नोकरी त्यांच्या बापाला मिळाली ती आता ठेकेदाराकडे गेली. कोळशाच्या खाणींचे १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा जी पिढी कायम झाली तिची मुले आज तेच काम निम्म्याहून कमी पैशांत, गेटपासवर करतात, आणि त्यांतली पुष्कळ पदवीधर आहेत. सुरजागडच्या लोखंडाने, कोनसरीच्या कारखान्याने काही दिले म्हणतात. किती जणांना कायमचे दिले हे आम्ही फाटकाशी उभे राहून मोजतो आहोत.

भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' म्हटले आणि १९४७ साली त्यावर कॉलेज चालवून दाखवले. तेथे कमाई शिक्षणाच्या हातात होती. मुलगा कॉलेजच्याच शेतात राबे आणि कॉलेजच त्याला जेवू घाली. आमच्या मुलाने रात्री ठेकेदाराकडे राबायचे आणि सकाळी कॉलेजाने हजेरी मांडायची, आणि दोघांनी एकमेकांना ओळख दाखवायची नाही. १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे असे ठरवले. म्हणजे फाटकाच्या आत तो विद्यार्थी, आणि कॉलेजात त्याला विद्यार्थी म्हणायचे तर हजेरी कमी.

आता आमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. तेवीस-चोवीस वर्षांचा पदवीधर कंत्राटी कामगार युनियनच्या कचेरीत येतो तेव्हा त्याला पुष्कळ माहीत असते. मोबाईलवरून कायद्याचे कलम काढून दाखवतो, जे आम्हांला पूर्वी आठवडाभर शोधावे लागे. पण सभा कशी बोलवावी, अध्यक्ष कसा नेमावा, ठराव कसा मांडावा, आपण हरलो तर घरी रुसून न बसता दुसऱ्या दिवशी कामाला कसे यावे, हे त्याला ठाऊक नसते. पंधरा वर्षे शिकून हे ठाऊक नसते, कारण कॉलेजात त्याने कधी मत दिलेलेच नसते.

१९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी पुढाऱ्याचा खून झाला, निवडणुकांतील मारामाऱ्यांवरून ओरड झाली, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमण्याची पद्धत घातली. ज्याला सर्वांत अधिक गुण तो वर्गाचा प्रतिनिधी. आमच्या युनियनमध्ये सर्वांत अधिक कोळसा काढील तो सरचिटणीस असा नियम केला असता तर मालकाने पेढे वाटले असते! मारामाऱ्या झाल्या हे खोटे नव्हे. त्या काळच्या निवडणुकीत हॉकीच्या काठ्या हॉकी न खेळता मोडत असत. पण मारामारी करणाऱ्यांस आवरण्याऐवजी मतदानच बंद करून टाकले. २०१६ च्या कायद्यात निवडणुका पुन्हा आल्या. २०१९ मध्ये त्या घेण्याचे ठरले, विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे गेल्या, नंतर कोरोना आला. अठराव्या वर्षी या मुलाने खासदार निवडावा, परंतु खाणावळीत भाजी पातळ का, हे विचारणारा माणूस निवडू नये.

खाणावळीची गोष्ट क्षुल्लक समजू नका. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात खाणावळीचे बिल वाढले, त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटले, आणि दोन महिन्यांत गुजरातचे मुख्यमंत्री गेले. आमच्याकडे आदिवासी वसतिगृहांतील खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात टाकण्याचे २०१८ साली ठरले तेव्हा राज्यातील मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. सरकारचे म्हणणे, पैसे हातात येतील, मनासारखे जेवा. मुलांचे म्हणणे, पैसे वेळेवर येत नाहीत, आणि आले तर घरून फोन येतो की बैल आजारी आहे, थोडे पाठव. दोन्ही खरे आहे. ज्या मुलाने बैलासाठी पैसे पाठवले आणि स्वतः चिवड्यावर महिना काढला, तो योजनेच्या कोणत्या रकान्यात बसतो?

एकदा एका कॉलेजच्या काही मुली आमच्याकडे आल्या. मुलींच्या संडासात पाणी नाही, अर्ज करायचा आहे, पण पहिली सही कोण करील? पहिली सही करणारीचे अंतर्गत गुण जातील ही भीती. १९२६ च्या कायद्याने सात कामगारांना युनियन नोंदवता येत असे. पण त्या सातांमध्येही पहिला कोण हा प्रश्न असेच, आणि जुन्या लोकांनी त्यावर तोड काढली होती. आम्ही त्यांना कागदावर वाटी उपडी ठेवून गोल काढायला लावला आणि गोलाभोवती सह्या करायला सांगितल्या. पहिली कोणी नाही, शेवटची कोणी नाही. त्रेसष्ट सह्या झाल्या. प्राचार्यांनी गोल पाहिला, थोडा वेळ कागद फिरवून फिरवून वाचला, आणि जिचे अक्षर सर्वांत चांगले होते तिला बोलावले. आमची युक्ती तेवढ्यापुरती फसली. पण ती मुलगी म्हणाली, 'मी एकटी नाही येत सर, आमी साऱ्या येतो,' आणि त्रेसष्टजणी कचेरीबाहेर उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांत टाकी बसली. त्यांतल्या किती जणी पुढे प्रथम श्रेणीत आल्या आम्हांला माहीत नाही, पण त्या वर्षी त्या कॉलेजात सर्वांत मोठा अभ्यास तो झाला असे आमचे मत आहे.

येथे कोणी म्हणेल की तरुणांनी आपला कारभार आपण चालवणे हे आमच्या मागास भागात जमण्यासारखे नाही. आमच्याच भागात ते फार जुने आहे. माडिया-गोंडांच्या गावात गोटुल असते. बाहेरच्या लेखकांनी गोटुलात नाचगाण्याखेरीज काही पाहिले नाही आणि नको ते मात्र पुष्कळ लिहिले. तरुण पोरापोरींनी एकत्र जमायचे, पाहुण्यांची व्यवस्था ठेवायची, गावच्या लग्नकार्यात राबायचे, आणि चूक केली तर आपल्यातच दंड ठरवायचा, ही त्याची दुसरी बाजू. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने १९८० च्या दशकात आपले गोटुल पुन्हा बांधले. जंगलातले सागवान वापरले म्हणून वनखात्याने ते पाडले, तेव्हा आजूबाजूच्या गावांनीही आपापली गोटुले बांधायला घेतली. त्याच गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मिलिंद बोकिलांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात हे सारे लिहिले आहे, जिज्ञासूंनी वाचावे.

पण आमचे लक्ष वेधले ते मेंढ्याच्या एका रीतीने. चांद्याचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांच्या प्रयत्नातून तेथे दोन बैठका पडल्या. एक अभ्यास गट. त्यात कोणीही यावे, बाहेरचाही, वाटेल तो प्रश्न विचारावा, वाचावे, वाद करावा, पण निर्णय घ्यायचा नाही. दुसरी ग्रामसभा; तेथे निर्णय, आणि तो सर्वांच्या सहमतीने. हे पाहून आल्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. आमच्या कॉलेजात अभ्यास आहे, निर्णय नाही. आमच्या युनियनमध्ये निर्णय आहेत, अभ्यास नाही. त्या संपात जीप सकाळी कोठे पाठवावी हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण प्रश्न विचारण्याची बैठकच आमच्याकडे नव्हती. घोषणा देण्याची होती.

खर्ऱ्याविषयी बोला अशी एक चिठ्ठी आली आहे. बोलतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून देतात आणि ती पुडी हातोहात फिरते. शाळा-कॉलेजापासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा २००३ चा कायदा आहे. आमच्याकडे ठेला १०१ व्या यार्डावर असतो, किंवा यार्ड मोजणारा स्वतः खर्रा खाणारा असतो. ही सवय वाईट आहे, तोंड उघडेनासे होते, पुढचे नाव घ्यायला नको. पण ती पोरांनी शोधून काढली नाही. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून खाणीत बापाने घोटला, आणि बापासाठी दुकानातून आणताना पोराने चाखला. या सभागृहाच्या जिन्यातला कोपरा लाल कोणी केला ते विद्यार्थ्यांना विचारण्याआधी आपण आपल्या खिशात हात घालून पाहू.

आता मागणे. व्याख्यानात मागणे नसावे असा संकेत आहे, पण गेटसभेत ते असते. या गावचे वाचनालय संध्याकाळी सातला बंद होते, कारण सभासद पेन्शनर आहेत आणि त्यांना लवकर जेवायचे असते. रात्रपाळीच्या आधीचे सात ते साडेनऊ हेच तास त्या दोन ओळखपत्रांच्या मुलाला मोकळे असतात. चावी कोणाकडे ठेवायची हा प्रश्न निघेल. युनियनचा माणूस रात्री बसेल, विजेचे बिल निम्मे आम्ही भरू. दुपारी बारा ते चार स्टँडवर बसणाऱ्या मुलींसाठी एक खोली, एक पंखा आणि पिण्याच्या पाण्याचा माठ, एवढे व्यापारी मंडळाने द्यावे. खोली देण्यासारखे तिघेजण समोरच्या रांगेत बसले आहेत आणि ते आता छताकडे पाहत आहेत. चालकांनाही एक विनंती. तरुणांविषयीचे व्याख्यान ठेवले, पण वेळ रात्री आठची. शेवटच्या गाड्या साडेनऊ-पावणेदहाला सुटतात. तरुणांविषयी काय बोलले जाते ते ऐकायला आलेले तरुण मागे भिंतीशी उभे आहेत, आणि मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत. आत्ता नऊ वीस झाले. अध्यक्षांचे समारोपाचे भाषण व्हायचे आहे, ते आपण बसून ऐकू. परंतु मागचे दार कोणी लावले आहे ते उघडावे, आणि ज्यांना मूल आणि सावलीची गाडी गाठायची आहे त्यांनी खुशाल उठावे, आम्हांला राग नाही.

जा रे बाप्पा, पळा.